रनिंग बॅकचे सातत्य: सिम्युलेशन फुटबॉलमधील एका मोजमापाची प्रस्तावना

रनिंग बॅकच्या संपूर्ण हंगामाचा हिशेब बहुतेक ठिकाणी एका ओळीत उरकला जातो: कॅरी किती, यार्ड किती, दर कॅरीमागे सरासरी किती, टचडाउन किती. डेट्रॉइट लायन्सच्या बॅरी सँडर्सची १९९७ सालची ओळ अशी आहे: ३३५ कॅरी, २,०५३ यार्ड, सरासरी ६.१. सोळा सामन्यांनी भागल्यास दर सामन्याला १२८ यार्ड पडतात. त्या हंगामातल्या पहिल्या दोन सामन्यांत मिळून त्याच्या वाट्याला अवघे ५३ यार्ड आले होते आणि पुढच्या चौदाच्या चौदा सामन्यांत त्याने शंभर किंवा त्याहून अधिक यार्ड मिळवले, हे मात्र या ओळीत कुठेच दिसत नाही. त्या चौदा सामन्यांची बेरीज बरोबर २,००० होते. आता हा खेळाडू सातत्याचा मानायचा की चढउतारांचा? शंभर यार्डांचे सामने मोजणाऱ्याला तो सातत्याचा नमुना वाटेल. सरासरीपासूनचे अंतर मोजणारा पहिल्या दोन सामन्यांसाठी त्याचे गुण कापेल, आणि ज्या दोन सामन्यांत त्याने दोनशेच्या वर यार्ड काढले त्यांच्यासाठीही कापेल. आकडे तेच आहेत, पण मोजण्याची पद्धत बदलली की उत्तर उलटते. सामन्यागणिक सातत्य हा विषय इथून सुरू होतो.

इथे फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल. शंभर यार्डांचे मैदान, दोन्ही टोकांना दहा-दहा यार्डांचे एंड झोन (प्रतिस्पर्ध्याच्या एंड झोनमध्ये चेंडू पोहोचवला की टचडाउन) आणि दोन्ही बाजूंना अकरा-अकरा खेळाडू. चेंडू ताब्यात असलेल्या संघाला दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी चार संधी मिळतात, त्यांना डाउन म्हणतात. क्वार्टरबॅक एकतर चेंडू हवेतून सहकाऱ्याकडे फेकतो किंवा मागे उभ्या रनिंग बॅकच्या हातात देतो. असा चेंडू घेऊन केलेली एक धाव म्हणजे एक कॅरी. पुढे ऑफेन्सिव्ह लाइनचे पाच धिप्पाड खेळाडू वाट मोकळी करतात. ती मिळाली नाही तर धावणारा जागच्या जागी, कधी मागेच, पाडला जातो. त्यामुळे बहुतेक कॅरी दोन, तीन, पाच यार्डांच्या असतात, थोड्या शून्याखालच्या असतात आणि क्वचित एखादी चाळीस-पन्नास यार्डांची निघते. उजवीकडे लांबलचक शेपूट असलेले हे असमान वितरण पुढच्या जवळजवळ प्रत्येक अडचणीच्या मुळाशी आहे.

सिम्युलेशन फुटबॉलचे दोन प्रवाह आहेत आणि दोन्हींत सातत्याचा प्रश्न वेगळ्या रूपात येतो. पहिला प्रवाह फँटसी फुटबॉलचा. ओकलंड रेडर्स संघात भागीदारी असलेले बिल विंकनबाख यांनी १९६२ साली, संघ दौऱ्यावर असताना, न्यूयॉर्कमधल्या एका हॉटेलात काही सहकाऱ्यांसोबत याचे नियम आखले. पुढच्या वर्षी ओकलंडमध्ये आठ संघांची पहिली लीग सुरू झाली. इथे खरेच सामने होतात, खरेच खेळाडू पळतात. काल्पनिक असतो तो फक्त संघ. खेळणारा आपले खेळाडू निवडतो आणि त्यांच्या प्रत्यक्ष कामगिरीचे गुण आपल्या खात्यात जमा करतो. आज रूढ असलेल्या हिशेबात धावण्याच्या दहा यार्डांना एक गुण, टचडाउनला सहा, आणि अनेक लीगमध्ये झेललेल्या प्रत्येक पासला एक गुण मिळतो. दर आठवड्याला दोन संघांची जोडी लागते आणि ज्याचे गुण जास्त तो जिंकतो.

दुसऱ्या प्रवाहात सामनाच कृत्रिम असतो. पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर गावी जे. रिचर्ड सीट्झ यांनी १९५१ साली सुरू केलेल्या एपीबीए कंपनीने बेसबॉलनंतर फुटबॉलचाही खेळ आणला. हॅल रिचमन यांच्या स्ट्रॅट-ओ-मॅटिकचा फुटबॉल १९६८ चा. अशा खेळांत प्रत्येक खेळाडूचे एक कार्ड असते. त्यावरचे आकडे त्याच्या खऱ्या हंगामावरून बेतलेले असतात, फासे टाकायचे आणि कार्डावर त्या दानाला कोणता निकाल आहे ते पाहायचे. बचावाने चाल ओळखली की नाही, यावरून रकाना बदलतो. पुढे हेच काम संगणकाकडे गेले. १९८८ साली ॲपल टू संगणकावर आलेला जॉन मॅडन फुटबॉल हातांनी खेळायचा होता. १९९८ च्या फ्रंट ऑफिस फुटबॉलमध्ये मैदानावर कोणी धावत नाही. संघ बांधायचा, डावपेच ठरवायचे आणि संगणकाने खेळून दाखवलेला हंगाम वाचायचा. जुना हंगाम पुन्हा खेळून पाहणे, ज्याला या छंदातले लोक रिप्ले म्हणतात, हा या दुसऱ्या प्रवाहाचा प्राण आहे. सातत्याच्या अभ्यासाला खरी मदत होते ती याच प्रवाहाची, कारण घडलेला हंगाम एकदाच घडतो आणि कृत्रिम हंगाम हजार वेळा घडवता येतो.

सातत्य मोजण्याची सर्वांत परिचित पद्धत प्रमाण विचलनाची. प्रत्येक सामन्याचे सरासरीपासूनचे अंतर घ्यायचे, त्याचा वर्ग करायचा, त्या वर्गांची सरासरी काढून वर्गमूळ घ्यायचे. समजा दोन रनिंग बॅक आहेत आणि दोघांचेही सोळा सामन्यांत १,२८० यार्ड, म्हणजे सामन्याला ८० यार्ड झाले आहेत. पहिल्याने आठ सामन्यांत ७० आणि आठ सामन्यांत ९० यार्ड काढले. दुसऱ्याने बारा सामन्यांत ५० आणि चार सामन्यांत १७०. पहिल्याचे प्रमाण विचलन १० यार्ड येते, दुसऱ्याचे ५२. इथपर्यंत मोजमाप आपले काम चोख करते. शिवाय मध्यक काढला, म्हणजे सामने चढत्या क्रमाने लावून मधली किंमत घेतली, तर पहिल्याचा ८० आणि दुसऱ्याचा ५० येतो. सामान्य दिवशी या खेळाडूकडून काय मिळेल, हे मध्यक सरासरीपेक्षा प्रामाणिकपणे सांगतो. दुसऱ्या खेळाडूला त्याच्या सरासरीच्या आसपासचे यार्ड एकाही सामन्यात मिळालेले नाहीत.

अडचण येते ती कमीअधिक काम असलेल्या खेळाडूंची तुलना करताना. सामन्याला १०० यार्ड काढणाऱ्याचे ३५ यार्डांचे विचलन आणि ४० यार्ड काढणाऱ्याचे ३५ यार्डांचे विचलन एका पट्टीने मोजता येत नाही. म्हणून विचलनाला सरासरीने भागतात. या विचरण गुणांकाची कल्पना कार्ल पिअरसन यांनी १८९६ साली मांडली आणि तिथून ती जीवशास्त्रापासून शेअर बाजारापर्यंत सगळीकडे गेली. फुटबॉलमध्ये मात्र ती जपून वापरावी लागते. एक तर सरासरी शून्याजवळ आली की गुणांक भरमसाट फुगतो. ३१ डिसेंबर १९९४ रोजी ग्रीन बे इथल्या प्लेऑफ (बाद फेरीच्या) सामन्यात सँडर्सला तेरा कॅरींमध्ये उणे एक यार्ड मिळाला होता, आणि त्याच हंगामात त्याने १,८८३ यार्ड काढले होते. धावण्याच्या खेळात उणे बेरीज ही शक्य कोटीतली गोष्ट आहे, आणि शून्याखाली जाऊ शकणाऱ्या राशीला हा गुणांक मुळात शोभत नाही. दुसरी अडचण अधिक खोल आहे. कमी कॅरी मिळणारा खेळाडू या गुणांकात नेहमीच वाईट दिसतो आणि त्यात त्याचा काहीही दोष नसतो.

हे आकड्यांत पाहिले की स्पष्ट होते. एका कॅरीची सरासरी ४.३ यार्ड आणि एका कॅरीचे प्रमाण विचलन ६ यार्ड धरू. व्यावसायिक फुटबॉलसाठी हा अंदाज वास्तवापासून फार दूर नाही. प्रत्येक कॅरी आधीच्या कॅरीपासून स्वतंत्र आहे असेही मानू. वीस कॅरी मिळाल्यास सामन्याची अपेक्षित बेरीज ८६ यार्ड होते. विचलन मात्र वीसपट वाढत नाही, वीसच्या वर्गमुळाने वाढते आणि सुमारे २७ यार्ड येते. गुणांक ३१ टक्के. तोच खेळाडू, तेच पाय, तीच नजर, पण कॅरी दहाच मिळाल्या तर बेरीज ४३, विचलन १९ आणि गुणांक ४४ टक्के. या खेळाडूत काडीचाही बदल झालेला नसताना तो कागदावर जवळजवळ दीडपट लहरी ठरतो. रनिंग बॅकच्या सातत्याच्या याद्या पाहिल्या की वरच्या ओळींत भरपूर कॅरी मिळणारेच खेळाडू का असतात, याचे बरेचसे उत्तर या दोन ओळींच्या गणितात आहे.

कॅरींची संख्या स्वतः स्थिर नसते, हा त्यापुढचा मुद्दा. आघाडीवर असलेला संघ घड्याळ संपवण्यासाठी चेंडू धावणाऱ्याकडे देतो आणि पिछाडीवरचा संघ वेळ वाचवण्यासाठी पास फेकतो. त्यामुळे एकाच खेळाडूला एका रविवारी सव्वीस आणि पुढच्या रविवारी तेरा कॅरी मिळू शकतात. वरच्याच उदाहरणात कॅरींची सरासरी वीस ठेवून त्यांचे विचलन पाच धरले, तर कामाच्या या चढउतारातून आणखी साडेएकवीस यार्डांचे विचलन येते. दोन्हींच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घेतले की एकूण विचलन ३४ यार्डांवर जाते. म्हणजे सरासरी ८६ आणि विचलन ३४. या हिशेबाने अंगच्या कौशल्यात तसूभर फरक पडलेला नसतानाही, ढोबळमानाने सातातला एक सामना ५० यार्डांच्या आतच संपेल. सोळा सामन्यांच्या हंगामात असे दोनेक सामने अपेक्षितच आहेत. एखाद्या रनिंग बॅकचे दोन फिके सामने पाहून त्याला बेभरवशाचा ठरवण्यापूर्वी एवढा हिशेब करून पाहायला हवा, आणि तो सहसा केला जात नाही.

फँटसी गुणांकडे वळले की टचडाउन सगळे चित्र बदलून टाकतात. २००४ च्या हंगामातल्या पहिल्याच सामन्यात पिट्सबर्ग स्टीलर्सच्या जेरोम बेटिसने पाच कॅरींमध्ये एकूण एक यार्ड काढला आणि तीन टचडाउन केले. यार्डांच्या हिशेबात तो दिवस वाया गेला. फँटसीच्या हिशेबात १८.१ गुण पडले, म्हणजे टचडाउनशिवाय १८१ यार्ड पळाल्याइतके. गोलरेषेच्या तोंडाशी चेंडू कोणाच्या हाती द्यायचा हा प्रशिक्षकाचा निर्णय असतो, आणि तिथवर चेंडू पोहोचवण्याचे श्रेय बहुधा इतरांचे असते. टचडाउन ही विरळ घटना आहे. सामन्याला सरासरी अर्धा टचडाउन करणारा खेळाडू चांगला मानला जातो. अशी घटना पॉयसाँ वितरणाने, म्हणजे विरळ आणि परस्परस्वतंत्र घटनांच्या नियमाने, घडते असे मानल्यास शंभरातल्या ६१ सामन्यांत त्याच्या नावावर एकही टचडाउन नसेल. वरच्या उदाहरणातल्या खेळाडूला यार्डांचे ८.६ आणि टचडाउनचे ३ असे सामन्यामागे ११.६ गुण मिळतात. या सरासरीत टचडाउनचा वाटा जेमतेम चतुर्थांश आहे. विचरणात, म्हणजे विचलनाच्या वर्गात, मात्र यार्डांचा हिस्सा सुमारे १२ आणि टचडाउनचा १८ येतो, म्हणजे एकूण चढउताराचा साठ टक्के भाग. फँटसीतल्या सातत्याच्या चर्चा बऱ्याच वेळा रनिंग बॅकविषयी नसून टचडाउनच्या योगायोगाविषयी असतात, असे म्हणण्यास या आकड्यांचा पुरेसा आधार आहे. यार्डांचे सातत्य आणि गुणांचे सातत्य वेगळे नोंदवावे, हा नियम त्यातूनच निघतो.

पास झेलणारा रनिंग बॅक याच हिशेबात उलट्या दिशेने काम करतो. मार्शल फॉकने १९९९ साली धावून १,३८१ आणि पास झेलून १,०४८ यार्ड काढले. ख्रिश्चन मॅकॅफ्रीने २०१९ साली अशीच दुहेरी हजारी पूर्ण केली. संघ पिछाडीवर पडला की धावण्याच्या संधी घटतात, पण पास वाढतात आणि त्यातले काही अशा खेळाडूच्या हातात येतात. एका वाटेचा तोटा दुसरी वाट भरून काढते. दोन राशी परस्परविरुद्ध दिशेने हलत असतील तर त्यांच्या बेरजेचे विचरण सुट्या विचरणांच्या बेरजेपेक्षा कमी असते. संख्याशास्त्रातली ही साधी गोष्ट मैदानावर इतक्या स्वच्छ रूपात क्वचित दिसते. म्हणूनच झेललेल्या पासला गुण देणाऱ्या लीगमध्ये अशा खेळाडूंचा भाव चढा असतो, आणि तो योग्यच आहे.

यानंतर नमुन्याच्या आकाराचा प्रश्न येतो. या विषयातल्या बहुतेक चुका इथे होतात. एनएफएल या व्यावसायिक लीगचा हंगाम १९६१ पासून चौदा सामन्यांचा होता, १९७८ पासून सोळा आणि २०२१ पासून सतरा सामन्यांचा झाला. एवढ्या थोड्या सामन्यांवरून सरासरी बरी कळते, पण विचलन फार ढोबळ कळते. खरे विचलन ३४ यार्ड असलेल्या खेळाडूचा सोळा सामन्यांचा एक हंगाम घेतला, तर मोजलेले विचलन २२ यार्डही येऊ शकते आणि ४६ ही. असे शेकडो एकसारखे खेळाडू मैदानात उतरवून त्यांच्यातून कोणतेही दोन उचलले, तर त्यांच्यापैकी एकाचे विचलन दुसऱ्याच्या १.७ पट निघणे हे अजून निव्वळ नशिबाच्या आवाक्यात असते. हे गणित वितरण सममित धरून केलेले आहे. लांब कॅरींच्या शेपटीमुळे प्रत्यक्षातली अनिश्चितता याहून मोठीच भरते. एका हंगामावरून लावलेल्या सातत्याच्या क्रमवारीत वरचा आणि मधला खेळाडू यांच्यातले अंतर सहसा या १.७ च्या आतच असते.

सिम्युलेशनची खरी किंमत इथे कळते. खऱ्या फुटबॉलमध्ये खेळाडूचे मूळ विचलन कोणालाच माहीत नसते. सिम्युलेशनमध्ये ते कार्डावर छापलेले असते किंवा संगणकाच्या आज्ञावलीत लिहिलेले असते. तोच हंगाम, तेच प्रतिस्पर्धी, तेच वेळापत्रक ठेवून हजार रिप्ले केले की सोळा हजार सामने हाती येतात आणि विचलनाचा अंदाज एक टक्क्याच्याही आत अचूक होतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, हजार हंगामांची हजार वेगवेगळी विचलने मिळतात. नशीब एकटे किती लांबवर भरकटवू शकते, याचा तो पूर्ण नकाशा असतो. त्या नकाशावर खऱ्या हंगामाचे विचलन ठेवून पाहावे. ते हजारातल्या मधल्या साडेनऊशेंच्या पट्ट्यात पडले, तर त्या खेळाडूच्या सातत्याविषयी किंवा लहरीपणाविषयी वेगळे काही सांगण्यासारखे नाही. ते पट्ट्याबाहेर पडले, तर शोधण्यासारखे काहीतरी आहे.

या तुलनेतून एक सोपा निर्देशांक निघतो: प्रत्यक्ष विचलन भागिले अपेक्षित विचलन. अपेक्षित विचलन त्या खेळाडूच्या स्वतःच्या कॅरी, स्वतःची सरासरी आणि स्वतःचे प्रतिस्पर्धी घेऊन केलेल्या रिप्लेमधून काढायचे. निर्देशांक एकच्या आसपास असेल तर चढउतार नशिबाने समजावता येतो. दहा कॅरीवाला आणि वीस कॅरीवाला यांच्यात विचरण गुणांकाने जो अन्याय होतो, तो इथे होत नाही, कारण प्रत्येकाची तुलना त्याच्याच कृत्रिम जुळ्यांशी होते. या क्षेत्रातल्या सगळ्या मोजमापांत हे सर्वांत न्याय्य आहे. ते काढायला मेहनत लागते, ही त्याची एक उणीव.

अर्थात निर्देशांक भरवशाचा हवा, तर रिप्ले घडवणारे इंजिन, म्हणजे सिम्युलेशनची कार्डे किंवा आज्ञावली, तेवढेच भरवशाचे असावे लागते. बहुतेक इंजिने प्रत्येक कॅरी स्वतंत्र मानतात. प्रत्यक्षात ऑफेन्सिव्ह लाइनमधला एक मोहरा जखमी झाला की त्या दिवशीच्या सगळ्याच कॅरी एकदम पडतात. मैदान बर्फाने माखले असेल तर दोन्ही संघांच्या पडतात. एकाच सामन्यातल्या कॅरी अशा एकत्र वरखाली होत असतील, तर सामन्यांमधला खरा चढउतार इंजिनाच्या चढउतारापेक्षा मोठा असतो. कामाची वाटणी ही दुसरी पडती बाजू. १६ नोव्हेंबर २०१४ रोजी न्यू इंग्लंड पेट्रियट्सच्या जोनस ग्रेने इंडियानापोलिसविरुद्ध ३७ कॅरींमध्ये सुमारे २०० यार्ड आणि चार टचडाउन केले. पुढच्या आठवड्यात तो सरावाला उशिरा पोहोचला आणि त्यानंतरच्या सामन्यात त्याला एकही कॅरी मिळाली नाही. कोणत्याही कार्डावर अशी गोष्ट बसवता येत नाही. हंगामभराची सरासरी घेऊन दर सामन्याला ठरावीक कॅरी वाटणारे इंजिन ग्रेसारख्या खेळाडूला आठवड्यामागून आठवडे थोड्याथोड्या कॅरी देत राहील आणि त्याचा हंगाम ओळखू येणार नाही इतका सपाट करून टाकेल.

म्हणून निर्देशांक खेळाडूंना लावण्याआधी इंजिनालाच लावून पाहावा. एका हंगामातले सगळे प्रमुख रनिंग बॅक घ्यावेत, प्रत्येकाचे खरे विचलन त्याच्या हजार रिप्लेंच्या चढत्या क्रमात कितवे लागते ते नोंदवावे. इंजिन खरे असेल तर हे क्रमांक एक ते हजारपर्यंत सारखे पसरलेले दिसतील. ते वरच्या अर्ध्यात दाटले, तर इंजिन वास्तवापेक्षा फार शांत आहे; खालच्या अर्ध्यात दाटले तर फार अस्थिर. ही चाचणी न केलेल्या इंजिनावरून एखाद्या खेळाडूला लहरी म्हणणे म्हणजे न तपासलेल्या तराजूवर सोने तोलणे आहे. कार्डाविषयीही अशीच एक सावधगिरी हवी. कार्ड ज्या हंगामावरून बनते, त्या हंगामातले नशीबही त्यात उतरते. सँडर्सच्या १९९७ च्या कार्डात दर कॅरीला ६.१ यार्ड गृहीत धरलेले असतात, पण त्याची कारकिर्दीची सरासरी ५.० होती. रिप्लेमध्ये तो अपवादात्मक हंगाम खेळाडूचा मूळ स्वभाव म्हणून पुन्हापुन्हा घडत राहतो.

मोजणी करताना काही निर्णय आधी घ्यावे लागतात आणि ते लिहून ठेवावे लागतात. खेळाडू खेळलाच नाही तो सामना शून्य धरायचा की वगळायचा? सातत्य हा खेळाचा गुण मानला तर वगळावा. फँटसी संघाला काय मिळाले हे पाहायचे असेल तर, संघ निवडताना ती अनुपस्थिती आधी माहीत होती की नाही यावर उत्तर अवलंबून आहे. सामन्याच्या मध्यावर दुखापत झाली तर काय, हे त्याहून कठीण. मिनेसोटा व्हायकिंग्जच्या एड्रियन पीटरसनने ४ नोव्हेंबर २००७ रोजी सॅन डिएगोविरुद्ध २९६ यार्ड काढून एका सामन्याचा विक्रम केला, आणि पुढच्याच सामन्यात गुडघा दुखावल्याने तो बाहेर पडला. त्या दुसऱ्या सामन्यातले यार्ड त्याच्या लहरीपणाच्या खात्यात मांडणे अन्यायाचे होईल. दर कॅरीच्या हिशेबात तो सामना ठेवावा, दर सामन्याच्या हिशेबातून काढावा, हा मार्ग त्यातल्या त्यात बरा.

सामन्यांचा क्रमही विसरून चालत नाही. प्रमाण विचलनाला क्रम कळत नाही. हंगामाच्या आरंभी दहा कॅरी मिळणारा नवखा खेळाडू डिसेंबरपर्यंत पंचवीस कॅरींवर पोहोचला, तर त्याचे विचलन मोठे येईल, पण त्याला अनियमित म्हणणे चूक ठरेल. तो फक्त वाढला. लागोपाठच्या दोन सामन्यांतल्या फरकांचे वर्ग घेऊन त्यांची सरासरी काढली, की अशी सावकाश वाढ आणि खरी उलटसुलट उसळी यांतला फरक दिसतो. प्रतिस्पर्ध्याचेही तसेच. धावा अडवण्यात भक्कम असलेल्या बचावासमोर मिळालेले ६० यार्ड आणि ढिसाळ बचावासमोरचे ६० यार्ड वेगळे आहेत. त्या बचावाने इतर संघांना सरासरी किती यार्ड दिले ते वजा करून उरलेल्या आकड्यांचे विचलन काढणे, ही दुरुस्ती सोपी आहे आणि ती नेहमी करावी. वेगवेगळ्या काळांतले खेळाडू शेजारी ठेवताना हंगामाची लांबीही ध्यानात घ्यावी: ओ. जे. सिम्पसनचे १९७३ चे २,००३ यार्ड चौदा सामन्यांतले, तर एरिक डिकरसनचे १९८४ चे २,१०५ यार्ड सोळा सामन्यांतले आहेत.

सामन्याच्या आतले सातत्य हा शेजारचा, पण वेगळा विषय. बॉब कॅरल, पीट पामर आणि जॉन थॉर्न यांच्या १९८८ च्या 'द हिडन गेम ऑफ फुटबॉल' या पुस्तकाने यशस्वी चालीची एक व्याख्या दिली: पहिल्या डाउनवर हव्या असलेल्या यार्डांच्या ४० टक्के, दुसऱ्यावर ६० टक्के, आणि तिसऱ्या-चौथ्यावर पूर्ण अंतर मिळाले तर चाल यशस्वी. या मापाने दर वेळी चार यार्ड काढणारा धावपटू, नऊ वेळा अडून दहाव्या वेळी चाळीस यार्ड पळणाऱ्यापेक्षा सरस ठरतो. त्याचे सामन्यागणिक विचलनही कमी असते, कारण त्याच्या एका कॅरीचे विचलनच लहान असते. हे मोजमाप प्रत्येक कॅरीवर चालत असल्याने एका हंगामात त्याला दोनशे-तीनशे नोंदी मिळतात. सोळा सामन्यांच्या तुटपुंज्या नमुन्यापेक्षा हा पाया कितीतरी मजबूत आहे, आणि ज्याला खेळाडूचा स्वभाव ओळखायचा आहे त्याने सुरुवात इथूनच करावी.

शेवटी, या सातत्याची किंमत किती? हंगामाअखेर एकूण गुण मोजणाऱ्या लीगमध्ये ती शून्य आहे. तिथे फक्त बेरीज चालते. दर आठवड्याच्या जोडीत मात्र चढउताराला अर्थ येतो. जो संघ सरस आहे त्याला शांत खेळाडू हवेत, कारण नशिबाला जितका कमी वाव तितकी त्याची सरशी पक्की. दुबळ्या संघाला उसळी घेणारे खेळाडूच तारू शकतात. हा तर्क बरोबर आहे, पण त्याचे माप किती हे पाहायला हवे. प्रतिस्पर्ध्यापेक्षा सरासरी पाच गुणांनी सरस असलेला संघ धरू आणि दोन्ही संघांचे विचलन वीस-वीस गुण. या संघाची जिंकण्याची शक्यता ५७ टक्के येते. त्याने सगळा संघ बदलून आपले विचलन पंधरावर आणले, तर ती ५८ टक्के होते. याउलट विचलन वीसच ठेवून सरासरी केवळ दोन गुणांनी वाढवली, तर ती जवळजवळ ६० टक्क्यांवर जाते. रनिंग बॅक हा संघातल्या अनेक जागांपैकी एकदोन जागांवरचा खेळाडू. त्याच्या एकट्याच्या शांतपणाने संघाचे विचलन वीसवरून पंधरावर येणे अशक्यप्राय आहे. त्यामुळे दोन खेळाडूंच्या सरासरीत सामन्यामागे अर्ध्या गुणाचाही फरक असेल तर सरासरी पाहून निवड करावी. सरासरी खरोखर बरोबरीत असेल आणि सातत्याचा निर्देशांक एकापेक्षा अधिक हंगामांत एकाच बाजूला झुकलेला असेल, तेव्हाच तो निर्णायक मानावा.